अर्थमंत्री तोच, बाकं वाजवणारे दुसरे

१० मार्च २०२५ रोजी अजित पवारांनी महाराष्ट्राचा अर्थसंकल्प मांडला. त्यांचा तो अकरावा. खर्चाने ७ लाख कोटींचा आकडा गाठला तो याच अर्थसंकल्पात, पहिल्यांदा. महसुली तूट ४५,८९१ कोटी, राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटींच्या घरात आणि वर्षअखेरचं अंदाजित कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी. सत्ताधाऱ्यांनी बाकं वाजवली, विरोधकांनी बाहेर येऊन राज्य कर्जबाजारी झाल्याचं सांगितलं. दोन्ही प्रतिक्रिया आदल्या रात्री लिहून ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. गंमत वेगळ्याच गोष्टीत आहे. बाकं वाजवणाऱ्यांतले कितीतरी जण मार्च २०२२ मध्ये याच माणसाच्या अर्थसंकल्पाला नावं ठेवत होते, आणि या वेळी नावं ठेवणाऱ्यांतले कितीतरी जण तेव्हा त्याच्यासाठी बाकं वाजवत होते.

समाजशास्त्राच्या अभ्यासकाला असा योग क्वचित मिळतो. सरकार बदलतं तेव्हा सहसा सगळंच बदलतं: पक्ष, मंत्री, धोरण, काळ. त्यामुळे लोकांचं मत कशामुळे बदललं ते वेगळं काढता येत नाही. इथे मात्र एकच माणूस, एकच खातं आणि तीन सरकारं. २०१४ पर्यंत काँग्रेस-राष्ट्रवादीचं, २०१९ ते २०२२ महाविकास आघाडीचं आणि २०२३ नंतर महायुतीचं. बदलली ती फक्त आजूबाजूची माणसं. २०१४ च्या निवडणुकीत सिंचनावर झालेल्या खर्चाचा जाब ज्यांनी घसा कोरडा करून विचारला, त्यांनीच पुढे त्या तिजोरीची किल्ली त्याच हातात दिली. उलट बाजूही तेवढीच बोलकी. जे 'दादांचा हिशेब पक्का' म्हणत होते, त्यांना जुलै २०२३ मध्ये दादा महायुतीत गेल्यावर तोच हिशेब कच्चा दिसू लागला.

आमदारांचं ठीक आहे, तो त्यांच्या धंद्याचा भाग आहे. प्रश्न तुमचा-आमचा आहे. मावळातला मतदार, लोणावळ्याचा चिक्कीवाला, तळेगावच्या एमआयडीसीत काम करणारा तंत्रज्ञ, वडगावच्या कचेरीत सातबारासाठी रांगेत उभा शेतकरी, यांच्यापैकी कुणालाही सभागृहात बाकं वाजवायची नसतात. तरीही सरकार उधळं आहे की काटकसरी, हे ठरवताना आपण आकडा आधी पाहतो की नाव?

या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेत बऱ्यापैकी काटेकोरपणे शोधलं गेलं आहे. क्लिंटन निवडून आले तेव्हा, १९९२ साली, तिथल्या केंद्र सरकारची तूट २९० अब्ज डॉलर होती. १९९६ पर्यंत ती १०७ अब्जांवर आली. हा मताचा नाही, वहीतला आकडा. त्या वर्षीच्या मतदार-पाहणीत विचारलं गेलं, की या चार वर्षांत तूट वाढली की कमी झाली? बहुसंख्य रिपब्लिकन मतदारांनी वाढली असं सांगितलं. आता लगेच डेमोक्रॅट मंडळींना शहाणं समजायला नको. १९८० साली अमेरिकेत महागाईचा दर १३.५ टक्के होता, रेगन यांच्या आठ वर्षांत तो ४.१ वर आला. १९८८ च्या पाहणीत कट्टर डेमोक्रॅट मतदारांपैकी निम्म्याहून अधिक म्हणाले, रेगन यांच्या काळात महागाई बिघडली. लॅरी बार्टेल्स या राज्यशास्त्रज्ञाने ही आकडेवारी पुढे आणली. महागाई तर रोज दुकानात भेटते. तीही पक्षाच्या चष्म्यातून दिसत असेल, तर मंत्रालयातल्या वहीतली तूट कशी दिसत असेल ते सांगायला नको.

त्याहून मोठा धक्का मानसशास्त्रज्ञ जॉफ्री कोहेन यांच्या २००३ सालच्या प्रयोगांनी दिला. विद्यार्थ्यांना गरिबांसाठीच्या सरकारी मदतीच्या योजना वाचायला दिल्या. एक सढळ हाताची, एक हात आखडता घेणारी. नुसती योजना वाचली तेव्हा उदारमतवादी मुलांनी सढळ योजना उचलली, परंपरावादी मुलांनी आखडती. पण 'ही तुमच्या पक्षाने पाठिंबा दिलेली योजना' असं कळताच मजकूर जणू पुसला गेला. पक्षाने म्हटलं म्हणून उदारमतवाद्यांनी कंजूष योजनेची बाजू घेतली आणि परंपरावाद्यांनी उधळी योजना डोक्यावर घेतली. वर दोघांनीही सांगितलं, की आम्ही मजकुरावरूनच ठरवलं, पक्षामागे जातात ते इतर लोक.

शिक्षण हा यावरचा उपाय आहे, असा आपल्याकडे भाबडा विश्वास आहे. येल विद्यापीठातल्या डॅन कहान आणि सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या अभ्यासाने त्यालाही तडा दिला. आकड्यांचा एक तक्ता होता. त्वचेवरच्या मलमाचा म्हणून दाखवला तेव्हा गणितात पक्के लोक बरोबर उत्तर देत होते. तोच तक्ता बंदुकांवरच्या बंदीचा म्हणून दाखवला, तेव्हा गणित येणाऱ्यांमधलीच पक्षीय दरी जास्त रुंद निघाली. ज्याला आकडेमोड येते, त्याला नको असलेल्या आकड्यातली पळवाटही लवकर सापडते. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे सर्वांत चिवट वाद कोण घालतं, ते आठवून पाहा. न शिकलेली माणसं नसतात ती.

आता मावळ. या तालुक्याचं राजकारण या विषयासाठी फार सोयीचं आहे, कारण इथे पक्ष स्थिर राहिलेला नाही. १९९५ पासून २०१९ पर्यंत इथला आमदार भाजपचा. २०१९ मध्ये भाजपमधूनच बाहेर पडलेले सुनील शेळके राष्ट्रवादीच्या चिन्हावर लढले आणि त्यांनी त्या वेळचे राज्यमंत्री बाळा भेगडे यांना हरवलं. पाच वर्षांनी तेच शेळके महायुतीचे उमेदवार होते, म्हणजे कागदावर भाजप त्यांच्या बाजूला. प्रत्यक्षात भाजपचे स्थानिक नेते अपक्ष बापू भेगडे यांच्या मागे उभे राहिले, आणि महाविकास आघाडीनेही उमेदवार न देता त्यांनाच पाठिंबा दिला. शेळके लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. अशा तालुक्यात 'माझा पक्ष' म्हणजे नेमकं काय? इथे चष्मा पक्षाचा असण्यापेक्षा गटाचा, गावकीचा, भावकीचा असतो. बार्टेल्स यांना मावळात पाहणी करायची असती, तर प्रश्नावलीतला पहिलाच रकाना बदलावा लागला असता.

त्या निवडणुकीत मतदारसंघात हजारो कोटींचा निधी आल्याचा प्रचार झाला. विरोधकांनी तो निधी कुठे दिसतो असं विचारलं. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं सिद्ध करता येतं, कारण 'निधी आला' या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या पायऱ्या दडलेल्या असतात. पहिली प्रशासकीय मान्यता: हे काम करायला हरकत नाही आणि अंदाजे इतका खर्च येईल, असा शासनाचा कागद. दुसरी अर्थसंकल्पातली तरतूद, जी बहुतेक वेळा त्या रकमेचा एक तुकडा असते. तिसरी वितरण, म्हणजे 'बीम्स' या संगणक प्रणालीतून खात्याला प्रत्यक्ष वापरायला मिळालेली रक्कम. चौथी खर्च, म्हणजे ठेकेदाराचं बिल निघणं. फ्लेक्सवर पहिल्या पायरीचा आकडा छापतात, कारण तो सर्वांत मोठा असतो. विरोधक चौथ्या पायरीचा सांगतात, कारण तो सर्वांत लहान असतो. कुणीच खोटं बोलत नाही. आपण मात्र आपल्या माणसाचा आकडा घेऊन घरी येतो.

मान्यता आणि पूल यांतलं अंतर किती असतं, ते इंद्रायणीने दाखवून दिलं. १५ जून २०२५, रविवार. कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला. चार माणसं गेली, पन्नासहून अधिक जखमी झाली. नव्या पुलासाठी सुमारे ८ कोटी रुपये त्याआधीच मंजूर होते. आता त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा: लोणावळ्याजवळ टायगर पॉइंटला काचेचा स्कायवॉक आणि पर्यटन प्रकल्प, सुमारे ३३३ कोटी. स्कायवॉक नको असं माझं म्हणणं नाही, पर्यटनावर जगणाऱ्या गावांना त्याचा उपयोग होऊ शकतो. पण कुंडमळ्याचा पूल वेळेत झाला असता, तर तो बांधणाऱ्याला किती मतं मिळाली असती? शून्याच्या आसपास. न कोसळलेल्या पुलाची बातमी होत नाही. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या आपत्ती-खर्चाचा हिशेब मांडला. पूर्वतयारीवर घातलेला एक डॉलर पुढचं सुमारे १५ डॉलरचं नुकसान वाचवतो, पण मतदार बक्षीस देतो ते आपत्तीनंतर वाटलेल्या मदतीला. नेत्याच्या खर्चावर टीका करताना हा आपला वाटा आपण सोयीने विसरतो.

खंडाळ्याच्या घाटातून रोज दिसणारा दुसरा धडा म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग. युती सरकारच्या काळात, १९९६ मध्ये, रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं. नितीन गडकरी तेव्हा सार्वजनिक बांधकाम मंत्री. रिलायन्सची सुमारे ३,६०० कोटींची निविदा नाकारून महामंडळाने बाजारातून कर्ज उभं केलं आणि रस्ता दोन हजार कोटींच्या आत बांधला. हा काटकसरीचा नमुना की आडवाटेने काढलेलं कर्ज? दोन्ही. महामंडळ कर्ज काढतं, राज्य सरकार हमी देतं आणि ती रक्कम राज्याच्या कर्जाच्या ठळक आकड्यात येत नाही. भाजपचा माणूस पहिली गोष्ट सांगतो, काँग्रेसचा दुसरी. पुढे २००४ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने ९१८ कोटी रुपये घेऊन १५ वर्षांची टोलवसुली आयआरबीला दिली, तेव्हा सांगणाऱ्यांनी बाजू बदलल्या. २०१४ मध्ये टोलमुक्तीचा नारा आला. २०१५ मध्ये राज्यातले १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर लहान गाड्यांना माफी मिळाली, द्रुतगती महामार्ग मात्र तसाच राहिला. २०१९ मध्ये १५ वर्षं संपली, टोल संपला नाही. २०२० मध्ये महाविकास आघाडीच्या काळात नवा दीर्घ मुदतीचा करार झाला. तीन आघाड्या, एक टोलनाका. खोपोली ते कुसगाव हा ६,६९५ कोटींचा 'मिसिंग लिंक' प्रकल्पही तसाच अनेक मुख्यमंत्र्यांच्या हातून गेला, आणि श्रेयाच्या भाषणात प्रत्येकाने तो आपल्यापासूनच सुरू केला.

मग आकडा वाचायचा कसा? सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे सुटी रक्कम. 'राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा अर्थसंकल्प' आणि 'राज्याच्या इतिहासातलं सर्वाधिक कर्ज' ही दोन्ही वाक्यं जवळजवळ दरवर्षी खरी असतात, सरकार कुणाचंही असो. महागाई आणि वाढ या दोघींनी मिळून ती खरी ठेवलेली असतात. २०१४-१५ अखेर राज्याचं कर्ज सुमारे ३ लाख कोटी होतं, २०२४-२५ मध्ये ७ लाख ८३ हजार कोटींच्या आसपास. अडीच पटींहून जास्त. ऐकून छाती दडपते. पण याच दहा वर्षांत राज्याचं स्थूल उत्पन्न सुमारे १८ लाख कोटींवरून ४५ लाख कोटींवर गेलं, म्हणजे तेही अडीच पट. उत्पन्नाशी कर्जाचं प्रमाण तेव्हा १६-१७ टक्के, २०२४-२५ मध्ये १७.३. त्याआधी, २००४-०५ च्या सुमारास, ते २५ च्या पुढे होतं. या पट्टीने कुणीही राज्य बुडवलेलं नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर तोही सत्ताधाऱ्यांचा चष्मा. शेतकरी विहिरीसाठी कर्ज काढतो ते वेगळं आणि किराण्यासाठी काढतो ते वेगळं. महसुली तूट म्हणजे दुसरं. २०१२-१३ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या काळात महसुली खात्यात शिल्लक होती. २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये, सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री असताना, पुन्हा शिल्लक. २०२०-२१ मध्ये करोनाने मोठा खड्डा पाडला, त्याला महाविकास आघाडीची उधळपट्टी म्हणणं अन्याय होईल. मग २०२५-२६ च्या अंदाजातल्या ४५,८९१ कोटींचं काय? टाळेबंदी नव्हती. जुलै २०२४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, त्यात लाडकी बहीण योजनेचा वाटा ठळक होता. योजना चांगली की वाईट हा वेगळा वाद. ज्या घरात महिन्याचे दीड हजार येतात, तिथे तो वाद वेगळ्या सुरात चालतो, आणि चालायला हवाच. पण रोजचा खर्च कर्जातून भागवणं, तेही बरं चाललेल्या वर्षी, ही महायुतीची जबाबदारी आहे. हेच आघाडीने केलं असतं, तर ती आघाडीची असती.

एक सवलत मात्र प्रत्येक अर्थमंत्र्याला द्यावी लागते. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच राज्याच्या महसुली उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा भाग जातो. त्यातलं बहुतेक आधीच्या सरकारांनी ठरवलेलं असतं. नवा मंत्री येतो तेव्हा ताटात वाढून ठेवलेलं असतं.

सरकारच्या आकाराबाबत तर आपली विस्मरणशक्ती थक्क करणारी आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली, तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी. मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी त्यासाठी संप केला, तेव्हा त्यांची बाजू विधानसभेत कोण मांडत होतं? तेच पक्ष. आणि राज्य दिवाळखोरीत जाईल असं सांगणाऱ्या सरकारने संपाच्या दबावाखाली समिती नेमली. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. आंदोलनं झाली. २० ऑक्टोबरला देवेंद्र फडणवीसांनी तो रद्द करून हे आधीच्या सरकारांचं पाप असल्याचं सांगितलं. विरोधकांनी ते पाप फडणवीसांच्या पदरात टाकलं. राष्ट्रवादीचा एक भाग तर दोन्ही पापांच्या वेळी सत्तेत होता.

मंत्रिमंडळाचंही तेच. घटनेच्या ९१ व्या दुरुस्तीमुळे महाराष्ट्रात मुख्यमंत्री धरून ४३ हून अधिक मंत्री करता येत नाहीत. २०१९ मध्ये उद्धव ठाकरे यांनी सहा मंत्र्यांसह महिनाभर कारभार केला. २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आणि फडणवीस या दोघांनी सुमारे चाळीस दिवस. लहान सरकार बरं असं मानणाऱ्या एकानेही या दोन्ही प्रयोगांचं स्वागत केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आपल्या विरोधातलं सरकार मोठं असलं तर फुगलेलं, लहान असलं तर लुळं.

पण प्रत्येक मतभेदाला पक्षपात म्हणणंही चूक, आणि याचंही उदाहरण मावळातच आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याची योजना केंद्राच्या नागरी अभियानातून आली. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथे आंदोलकांवर गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. सत्तेत काँग्रेस-राष्ट्रवादी, आंदोलनात भाजप-शिवसेना. पुढे २०१७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिका भाजपकडे गेली आणि तिथल्या भाजपला जलवाहिनी हवीशी वाटू लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये महायुती सरकारने योजनेवरची स्थगिती उठवली, तेव्हा मावळातले सर्व पक्ष, सत्ताधारीसुद्धा, विरोधात उभे राहिले. पिंपरीतल्या भाजपने बाजू बदलली ती खुर्चीमुळे. मावळच्या माणसाने बदलली नाही, कारण त्याचं पाणी आणि जमीन कुठल्या पक्षाची नव्हती. त्याचा स्वार्थ होता, उघड होता, आणि सरकार कुणाचंही आलं तरी तोच राहिला. मत हितावरून बनलंय की निष्ठेवरून, हे ओळखायची यापेक्षा सोपी खूण मला ठाऊक नाही: सरकार बदलल्यावर ते टिकतं का ते पाहावं.

लोणावळा नगरपरिषद १८७७ ची. डिसेंबर २०१६ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपल्यावर डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीपर्यंत, जवळजवळ चार वर्षं, तिथे प्रशासकाने कारभार केला. प्रशासकाला झेंडा नसतो, आणि झेंडा नसलेल्या अर्थसंकल्पावर भांडायला कुणाला हुरूप येत नाही. रस्ते, कचरा, पावसाळी पर्यटकांची कोंडी हे प्रश्न मात्र तेच होते, पैसाही आपलाच होता. आता पुन्हा निवडून आलेले लोक आहेत, म्हणजे पुन्हा झेंडे आहेत.

अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जॉन बुलक आणि सहकाऱ्यांनी असेच वस्तुस्थितीचे प्रश्न विचारले, पण बरोबर उत्तराला थोडे पैसे ठेवले. दोन पक्षांच्या मतदारांमधली दरी निम्म्याहून अधिक आटली. म्हणजे बऱ्याच जणांना खरं काय ते आतून ठाऊक होतं, ते बोलण्याची गरज वाटत नव्हती इतकंच. मावळातल्या माणसाचे पैसे पणाला लागण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही, ते टोलनाक्यावर रोज लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. पुढच्या वेळी तिथे कुणी मंजूर निधीचा आकडा वाचून दाखवला, तर तो आपल्या गटाचा असला तरी उठून विचारा: वितरित किती झाला, खर्च किती झाला, आणि काम कुठे आहे? विरोधी गटाच्या माणसाला तर आपण हे विचारतोच.